दहा ते पाचचा ताप

मी एकदा आमच्या ह्यांच्या सर्व्हरवर दह्याचं पातेलं ठेवलं होतं. एकदा म्हणजे दोन हिवाळे, रोज. (रविवार आणि सरकारी सुट्ट्या सोडून.)

सर्व्हर म्हणजे नेमकं काय, हे मला तेव्हा कळत नव्हतं. माझ्या लेखी तो एक आडवा लोखंडी डबा होता. रात्रंदिवस घूंऽ करायचा, जागचा हलायचा नाही आणि काही विचारलं तर उत्तर द्यायचा नाही. या वर्णनात बसणारी आणखी एक व्यक्ती आमच्या घरात होती, पण ती शाळेत विज्ञान शिकवून पगार आणायची, म्हणून तिच्याविषयी जास्त लिहीत नाही.

त्या व्यक्तीला अख्खं वसमत 'सर' म्हणायचं. मी 'अहो' म्हणायची. ही गोष्ट दोन हजार सालानंतरची. गावात इंटरनेट नुकतंच आलेलं असायचं आणि वीज नुकतीच गेलेली असायची, त्या काळातली. सरांना पन्नाशी आल्यावर कॉम्प्युटरचं वेड लागलं. (इतरांचे नवरे त्या वयात पत्ते कुटायला लागतात, काही भजनाला जातात. माझ्या वाट्याला वायरी आल्या.) नांदेडच्या कुठल्याशा ऑफिसातले जुने कॉम्प्युटर भंगारात निघाले. त्यातले तीन सरांनी एसटीच्या टपावर टाकून आणले, आणि ते ठेवायला रॅक पाहिजे म्हणून माझी भांड्यांची मांडणी रिकामी केली.

ती लोखंडी मांडणी मी आठवडी बाजारातून ठोकून-वाजवून, दुकानदाराशी दोनदा भांडून आणलेली. तिच्यावरचे पितळी डबे पलंगाखाली गेले, तांबे माळ्यावर गेले, मांडणी स्वयंपाकघरातून समोरच्या खोलीत आली आणि तिला 'रॅक' असं नाव पडलं. मी विचारलं, हे काय? सर म्हणाले, नेटवर्क.

नेटवर्क म्हणजे एक निळी वायर. ती आमच्या खिडकीतून निघायची, लिंबाच्या फांदीवरून जायची, दोन घरांच्या गच्च्या ओलांडायची आणि बशीरभाईंच्या घरात शिरायची. बशीरभाईंचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, आणि या वेडात ते सरांचे भागीदार. तिसरे राठोड भाऊजी. ते आखाडा बाळापूरला पाटबंधाऱ्यात नोकरीला होते. त्यांनीही तिकडं घरात स्वतःचा रॅक उभा केला होता, आणि त्याला काचेचं दार होतं. त्या काचेच्या दारानं सरांची झोप उडवली होती.

पोळ्याला लोक बैल कसे सजवतात, शिंगं रंगवतात, झूल घालतात आणि दुसऱ्याच्या जोडीकडं तिरप्या नजरेनं बघतात, तसं या माणसांचं बारमाही चालायचं. इंटरनेटवर अशाच छंदिष्टांचं एक मंडळ होतं. पुण्याचे, नाशिकचे, कुठकुठचे लोक तिथं आपापल्या रॅकचे फोटो टाकायचे. कुणाचे दिवे किती, कुणाच्या वायरी कशा वेणी घातल्यासारख्या सरळ, कुणाच्या रॅकला चाकं. लगेच बाकीचे वाहवा करायचे. सर फोटो काढायच्या आधी रॅक ओल्या फडक्यानं पुसायचे. त्याआधी घरातली एकही वस्तू पुसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. रात्री वीज गेली की आम्ही मेणबत्तीत जेवायचो आणि समोरच्या खोलीत हिरवे दिवे लुकलुकत असायचे, कारण इन्व्हर्टर फक्त रॅकला जोडलेला. मी एकदा म्हणाले, एखादा पंखा तरी जोडा की त्याला. तर म्हणाले, लोड येतो.

पण यांची खरी फुशारकी दिव्यांची नव्हती. आपलं मशीन बंद न पडता किती दिवस सलग चालू आहे, याची होती. सरांचं पोळ्यापासून चालू होतं, राठोड भाऊजींचं गणपतीपासून. दोघांत ठरलेलं: ज्याचं मशीन आधी बंद पडेल, त्यानं दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या रॅकला झेंडूचा हार घालायचा, आणि तो फोटो स्वतःच्या हातानं मंडळात टाकायचा. सर मला म्हणाले होते, नोकरी गेली तरी चालेल, पण हा हार घालायची पाळी नको. (नोकरीवर घर चालायचं. मी त्यांना तशी आठवण करून दिली. ते रॅककडं बघत होते.)

आता दह्याकडं येते.

चूल गेली आणि गॅस आला तेव्हापासून हिवाळ्यात आमचं दही रुसलं होतं. चुलीच्या उबेला पातेलं ठेवायची सवय. गॅसला कसली ऊब? विझवला की थंड. मी गव्हाच्या कोठीत ठेवून पाहिलं, सासूबाईंच्या शालीत गुंडाळून पाहिलं. सकाळी झाकण काढावं तर आत दूधच, फक्त नाराज झालेलं. मार्ग दाखवला आमच्या मांजरीनं. ती थंडीत रोज मांडणीवर चढून सगळ्यात वरच्या मशीनवर पाय पोटाशी घेऊन झोपायची. मी हात लावून बघितला. लोखंड असं कोमट, जसं लेकराचं अंग झोपेतून उठल्यावर असतं. मी मांजरीला उचललं आणि पातेलं ठेवलं.

मी विचार केला की मांडणी माझी आहे, म्हणजे वरची फळी माझी आहे. सर साडेनऊ-दहाला शाळेत जायचे, पाचला यायचे. त्यांनी घर सोडलं की पातेलं वर, ते यायच्या आत खाली. संध्याकाळी दही असं लागलेलं असायचं की पातेलं आडवं केलं तरी हलणार नाही. सरांना सांगायचं काही कारण नव्हतं. सांगितलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि मग मी त्यांचं ऐकलं नसतं, त्यातून भांडण. भांडण टाळावं अशा मताची मी होते.

इथपर्यंत ठीक होतं. पण बशीरभाईंच्या घरातल्या शमीमभाभींनी एकदा आमच्याकडचं दही खाल्लं आणि म्हणाल्या, "वैनी, तुमारे हात कू गुन है." इथं मी खरं बोलायला पाहिजे होतं. मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "सवयीनं येतं."

मग काय विचारता! गल्लीतल्या बाया विरजण मागायला आमच्याकडं यायला लागल्या. मी नुसतं विरजण देत नव्हते, सोबत व्याख्यान द्यायची. दूध किती कोमट पाहिजे, पातेलं कोणत्या दिशेला ठेवायचं, विरजण लावताना मन कसं शांत पाहिजे. शेजारी आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावची एक नवी सून आली होती. तिला मी विरजण उजव्या हातानं तीनदा गोल फिरवायला शिकवलं. बिचारी फिरवत राहिली. तिचं दही काही लागलं नाही. मी तिला म्हणाले, होईल हळूहळू, तुझं वय लहान आहे. (तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते आणि वयाबरोबर अक्कल येते असं मला वाटायचं.)

पहिला हिवाळा असा थाटात गेला. दुसऱ्या हिवाळ्यात सरांनी मशीनचा ताप मोजायला सुरुवात केली.

मशीनच्या आत म्हणे एक बारीकसा थर्मामीटर असतो. तो दर पाच मिनिटांनी ताप मोजतो आणि पडद्यावर एक रेघ काढत जातो. ताप वाढला की रेघ वर, उतरला की खाली. ही रेघ सरांना घरात बसून दिसायची आणि निळ्या वायरीतून बशीरभाईंनाही त्यांच्या घरात दिसायची. ठरावीक मर्यादेच्या पुढं ताप गेला की मशीन जळू नये म्हणून आपणहून बंद पडतं. म्हणजे सगळं मुसळ केरात... म्हणजे हार.

तर चार दिवसांनी सर रेघ बघत बसले आणि चहा गार झाला. रोज सकाळी दहाला रेघ डोंगरासारखी चढायची आणि संध्याकाळी पाचला उतरायची. रविवारी सपाट. सर मला म्हणाले, "ह्याला दहा ते पाच ताप येऊन राहिला. सरकारी नोकर हाय का काय?" मी म्हणाले, थंडीचे दिवस आहेत, कुणालाही येतो. आणि आत जाऊन पातेलं घासलं.

बशीरभाई आले. दोघांनी बसून पहिला निष्कर्ष काढला: साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला, त्यामुळं व्होल्टेज हलत असणार. दोन दिवस दोघं खूश होते. मग लक्षात आलं की कारखाना रात्रीही चालतो आणि मशीनला रात्री ताप नसतो. दुसरा निष्कर्ष: समोरच्या रस्त्यावर एक सरकारी कचेरी होती, तिथल्या साहेबांच्या खोलीत मोठं यंत्र असणार. सर तिथं जाऊन विचारून आले. साहेबांच्या खोलीत एक पंखा होता आणि तोही हिवाळ्यामुळं बंद होता. वर शिपायानं सरांनाच विचारलं की अर्ज कशासाठी आहे, तेव्हा सर परतले.

तेवढ्यात शनिवार आला. शनिवारी ताप सकाळी आठलाच चढला आणि बाराला उतरला. बशीरभाई पडद्याजवळ तोंड नेऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सर, ये तो इस्कूल का टाइम है."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

शनिवारी सकाळची शाळा. सरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पण तो भलत्याच दिशेला पडला. शाळेतली कॉम्प्युटरची खोली! ती आणि आपलं घर विजेच्या एकाच डीपीवर. शाळा सुरू झाली की तिथले कॉम्प्युटर सुरू होतात आणि आपल्या मशीनवर ताण येतो. सोमवारीच त्यांनी हेडसरांना काहीतरी पटवून ती खोली पूर्ण दिवस बंद ठेवली. पोरांचा कॉम्प्युटरचा तास गेला, पोरं मैदानात खेळली, आणि ताप आला तो आलाच. त्या दिवशी उलट जरा जास्त आला, कारण मी दोन पातेली ठेवली होती.

मग सरांनी सगळी हकिगत मंडळात टाकली. रेघेचा फोटो, रॅकचा फोटो. दोन दिवसांत अर्ध्या महाराष्ट्रातले छंदिष्ट कामाला लागले. कुणी म्हणालं पंख्यात धूळ, कुणी म्हणालं खिडकीतून ऊन, कुणी म्हणालं कुणीतरी बाहेरून चोरून तुमच्या मशीनवर काम करतंय आणि त्याची ड्यूटी दहा ते पाच असावी. सर हे सगळं मला वाचून दाखवायचे. एकानं विचारलं होतं, वरच्या मशीनच्या पत्र्यावर तो गोल पांढरट डाग कसला? सर मला म्हणाले, "व्हय की. कशाचा असंल?" मी म्हणाले, मांजरीचा असेल. गोल मांजर कुणी बघितली असेल तर सांगावं. पण सरांनी तसं लिहून टाकलं.

राठोड भाऊजींनी मात्र एकच ओळ लिहिली. त्यांचं म्हणणं, असा ताप कुठल्याही मशीनला येत नसतो. हार घालायची पाळी येऊन राहिली म्हणून सर आधीच कारणं तयार करत आहेत.

हे सरांना फार लागलं. ते जेवले नाहीत. (चहा दोनदा घेतला.) त्यांचं सगळं आयुष्य वर्गात पोरांना 'डोळ्यांनी बघा, मग माना' असं सांगण्यात गेलं होतं, आणि इथं एक माणूस त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडत होता. त्यांनी भाऊजींना फोन करून सांगितलं, मंगळवारी या, समोर बसा आणि स्वतःच्या डोळ्यांनी ताप चढताना बघा. आणि शाळेत एक दिवसाची रजा टाकली.

रजा टाकली हे मला मंगळवारी सकाळी कळलं.

आता माझी अडचण ऐका. त्याच संध्याकाळी शमीमभाभींच्या घरी पाहुणे जेवायला येणार होते. पुलाव आणि रायतं. रायत्याचं दही मी देणार, असं मी चार बायांत छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. बाजारातून आणू नका, म्हणाले होते, बाजारचं काय खाता. तीन मोठी पातेली दूध तापवून, कोमट करून, विरजण लावून मी तयार ठेवलं, आणि बाहेर बघते तर सर धुतलेला शर्ट घालून रॅकसमोर खुर्च्या मांडत आहेत. एक स्वतःला, एक बशीरभाईंना, एक राठोड भाऊजींना. मशीनच्या तोंडासमोर अशी तीन माणसं बसली, जणू पोरगी दाखवायचा कार्यक्रम.

दहा वाजले. रेघ सपाट. साडेदहा. सपाट. मी चहा नेऊन दिला. अकराला सर उठून रेघेच्या अगदी जवळ गेले, जसं काही ती त्यांना लाजत होती. बशीरभाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटसुलट करून पाहिलं, आज कुठली सुट्टी तर नाही ना. राठोड भाऊजींनी चहा संपवला होता. मांडीवर मांडी टाकून बसले होते आणि पाय हलवत होते. तो पाय बोलण्यापेक्षा वाईट.

साडेअकराला ते बोलले. "सर, ताप मशीनला न्हाई, तुमाला हाय."

सर हसले नाहीत. ते खुर्चीत जरा खाली सरकले. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. पंचवीस वर्षं पोरांना शिकवणारा माणूस, आणि नापास झालेल्या पोरासारखा बसला होता. इकडं माझ्या तिन्ही पातेल्यांतलं दूध गार होत चाललं होतं. मला दोघांचीही कीव आली. दुधाची जरा जास्त.

आणि मग माझ्या लक्षात आलं की दोघांना एकच औषध आहे.

मी बाहेर येऊन बशीरभाईंना म्हणाले की भाभींनी आज सकाळपासून पुलावाची तयारी केली आहे, भाऊजींना दुपारी चार घास तिकडंच खाऊ द्या. रेघ तुमच्या पडद्यावरही दिसतेच की. बशीरभाई भला माणूस, लगेच उठले. राठोड भाऊजी तर पुलाव ऐकूनच उठले होते. सर शेवटी उठले, दारातून दोनदा वळून रॅककडं बघितलं आणि गेले.

दोन तास वाया गेले होते. ते भरून काढायचे तर नुसतं पातेलं ठेवून भागणार नव्हतं. मी तिन्ही पातेली वरच्या मशीनवर ओळीनं बसवली. मग घरातली एक जुनी गोधडी काढली आणि मांडणीला खालपासून वरपर्यंत गुंडाळली. मशीनच्या मागून गरम वारा बाहेर जायचा, तो वाया जात होता, तिथं गोधडीचा पदर घट्ट खोचला. वरून साडीच्या जुन्या काठानं सगळं बांधून टाकलं, पातेल्यांसकट. आत मशीन घूं घूं करत होतं. मला फार हुशार असल्यासारखं वाटलं. आयुष्यात असं मला जेव्हा जेव्हा वाटलं आहे, तेव्हा तेव्हा पुढं काय झालं ते घरच्यांना पाठ आहे.

तिकडं काय झालं ते मला नंतर शमीमभाभींनी सांगितलं. तिघं ताटावर बसले होते, पडदा समोर. अर्ध्या तासानं रेघ हलली. सर घास हातात धरून उभे राहिले. रेघ चढली. सरांनी राठोड भाऊजींचा खांदा हलवून हलवून दाखवली. आणखी चढली. बशीरभाईंनी 'माशाल्ला' म्हटलं. राठोड भाऊजींनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि कबूल केलं, "हाय बुवा, ताप हाय." सरांनी म्हणे त्यांना मिठी मारली, पुलावाच्या हातानं. आणि रेघ चढतच राहिली. रोजच्या ठिकाणी थांबली नाही. आणखी वर गेली. मग सरांना आठवलं की एका मर्यादेच्या पुढं मशीन बंद पडतं. आणि तिघंही तसेच, हात न धुता, गल्लीतून पळत सुटले.

मी रॅकसमोर बसून लसूण सोलत होते. दार उघडलं आणि तिघं आत आले.

समोर त्यांचा रॅक उभा होता, गोधडी पांघरून, कमरेला काठ बांधून, डोक्यावर तीन पातेली घेऊन. थंडीतापानं आजारी पडलेल्या बाईसारखा दिसत होता, हे मलाही तेव्हाच पहिल्यांदा जाणवलं.

सरांनी खालपासून वरपर्यंत बघितलं. मग सर म्हणाले, "हे काय हाय?"

"दही."

"कधीपासून?"

"मागच्या थंडीपासून."

राठोड भाऊजी पुढं झाले. त्यांनी एका पातेल्याचं झाकण उचललं, पातेलं बोटानं हळूच हलवून पाहिलं आणि वळून म्हणाले, "सर, लागत आलंय बरं."

त्याच क्षणी मशीन आतून पीं पीं ओरडायला लागलं. सर म्हणाले, काढ ते आधी, काढ. मी घाबरून गोधडी ओढली. गोधडीला काठ बांधलेला होता, काठ पातेल्यांना बांधलेला होता, ती गाठ मीच मारलेली होती आणि माझी गाठ सुटत नाही असं माझं माहेरापासून नाव आहे. मधलं पातेलं गोधडीबरोबर आलं.

अर्धवट लागलेलं दही एकदम पडत नाही. ते विचार करत करत पडतं. वरच्या मशीनच्या फटींतून आत गेलं, दुसऱ्यावर उतरलं, तिथून तिसऱ्यावर, शिवरात्रीला पिंडीवर धार धरावी तसं सावकाश, आणि सगळ्यात खाली जिथं सगळे प्लग होते तिथं पोचलं. फट् असा आवाज झाला. सगळे हिरवे दिवे गेले. घूं घूं थांबलं. दीड वर्षांनी आमच्या घरात शांतता झाली आणि बाहेर लिंबावर चिमण्या आहेत हे कळलं.

राठोड भाऊजींनी हळूच मनगटावरच्या घड्याळात बघितलं. ते जिंकले होते. पण त्यांनी तेवढी माणुसकी दाखवली की ते मोठ्यानं म्हटलं नाही.

याच मुहूर्तावर शमीमभाभी मोठं भगुनं घेऊन दारात आल्या. वैनी, दही हुआ क्या, असं विचारता विचारता त्यांची नजर रॅककडं गेली, जमिनीवर गेली, सरांकडं गेली. सर एका बोटानं मशीनमधलं दही काढत होते. बशीरभाईंनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मला वाटलं भाभी तोंडात बोट घालतील. तर त्या म्हणाल्या, "सर कू मालूमच नै था? हम तो इतवार कू इनके हां दही मांगने आतेच नै थे. इतवार कू पतला रैता था."

म्हणजे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. गोरेगावच्या सुनेलासुद्धा. तीसुद्धा माझ्यासमोर बसून तीनदा गोल फिरवत होती, माझं मन राखायला! पुण्या-नाशिकचे हुशार लोक इतके दिवस डोकं फोडत होते आणि बायांनी ते नुसतं खाऊन ओळखलं होतं. (वाचलेली दोन पातेली भाभी घेऊन गेल्या. रायतं म्हणे चांगलं झालं.)

सर त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यांनी तिन्ही मशीन खोलली, एकेक भाग स्पिरिटनं पुसला, उन्हात पेपरवर मांडला. बशीरभाई मदतीला होते. दोघं डॉक्टरांसारखे खालच्या आवाजात बोलायचे. तीनपैकी दोन वाचली. घरात आंबूस वास मात्र बरेच दिवस राहिला. मी माळ्यावरचे तांबे काढून घासत बसले, कारण नुसतं बसणं बरं दिसत नव्हतं. मी मनाशी शपथा घेतल्या. दही म्हणून लावणार नाही, लावलं तर रॅककडं बघणार नाही.

मग सरांनी मंडळात खरं काय ते लिहून टाकलं. लपवायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि लपवून काय करणार, राठोड भाऊजींनी डोळ्यांनी बघितलेलं. मग रविवारी झेंडूचा हार पिशवीत घालून, इस्त्रीचा शर्ट घालून, ते बाळापूरच्या गाडीत बसले. दारातून जाताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांचा बाप गेला तेव्हाही ते असे चालले नव्हते. मी दिवसभर दार उघडं ठेवून बसले. हा माणूस परत आल्यावर काय बोलेल ते मी मनात सगळं बोलून पाहिलं, आणि सगळ्याला 'चूक झाली' हेच उत्तर ठेवलं.

दिवस कलताना ते आले. चप्पल काढली, पाणी प्याले, खुर्चीत बसले. तिथं हार घालताना बघायला भाऊजींचे चार-सहा मित्र मुद्दाम जमले होते, असं हळूहळू त्यांच्या तोंडून निघालं. हार घातला, फोटो काढला. काचेच्या दाराकडं त्या लोकांनी दोन मिनिटं बघितलं आणि मग सगळे सरांभोवती बसले. ताप कसा चढायचा, गोधडी कशी बांधली होती, विरजण किती लावायचं. राठोड भाऊजींचा रॅक हार घालून एकटाच उभा राहिला होता, आणि त्यांची बायको दारात येऊन विचारून गेली म्हणे की आमच्यावरही लागंल का.

मी म्हणाले, चूक झाली. यापुढं तुमच्या रॅकवर मी वाटीसुद्धा ठेवणार नाही.

सरांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं वर्गात उत्तर चुकलेल्या पोराकडं बघायचे.

"ठेवणार न्हाई कसं? येत्या रविवारी मंडळातले परभणीचे चौघं बघायला येऊन राहिलेत. दूध जास्तीचं सांगून ठेव. अन् गोधडी ती फाटकी नको, चांगली काढ, चार लोक बघतील."